डेलचं मत आणि रोझानचं मत

मिसुरी राज्यातल्या सेंट ओटिलिया गावच्या गुरांच्या बाजारात डेल हासलाग लिलाव पुकारायला लागला की बाहेर ट्रकमध्ये बसलेल्या माणसालाही आत कुठलं जनावर उभं आहे ते कळायचं. माइक बंद पडला तरी त्याचं घोडं अडत नसे. त्याचे वडील याच बाजारात लिलाव पुकारायचे. पोरगा आपल्याला मागे टाकणार हे त्यांनी फार लवकर ओळखलं, आणि चार लोकांत कबूलही केलं. डेलच्या तोंडून आकडे असे धावायचे की परगावचा माणूस नुसता बघत राही. पण आकडे सुरू करण्यापूर्वी मात्र तो सावकाश बोलायचा. गाय लंगडते का, तिच्या तोंडात दात किती उरलेत, गोऱ्हा तारेच्या कुंपणावरून उड्या मारतो का, सगळं सांगून टाकायचा. विकणारे कुरकुरायचे. "माल खपवायला ठेवलाय तुला, डेल, का हाकलायला?" डेल म्हणायचा, "घेणारा पुढच्या आठवड्यात मलाच दिसणार आहे. तू दिसशील का?"

ऐन उमेदीत असताना गवताच्या माळ्यावरची फळी मोडली आणि तो खाली काँक्रीटवर पडला. पाठीचा कणा गेला. कोलंबिया शहरातल्या इस्पितळात कितीतरी महिने काढून तो चाकाच्या खुर्चीतून घरी आला, तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. बाजाराच्या मालकाने तोवर दुसरा माणूस शोधला होता. डेल एका मंगळवारी बायकोला घेऊन बाजारात गेला, पुकारायच्या कट्ट्यासमोर खुर्ची थांबवली आणि मालकाला म्हणाला, "या पायऱ्या काढ आणि उतार कर. पुढच्या मंगळवारी येतो."

मालकाने उतार केला.

त्या पहिल्या लिलावात एक म्हातारी, हाडं निघालेली गाय आली आणि नॉर्बर्ट वीबर्ग नावाच्या शेजाऱ्याने तिच्यावर भलतीच बोली लावली. डेल थांबला. "नॉर्बर्ट, हिला दात नाहीत असं मी आत्ताच सांगितलं ना?"

"ऐकलं मी."

"मग तू गाय घेतोयस की मला आहेर करतोयस?"

सगळा बाजार हसला. नॉर्बर्टचे कान लाल झाले आणि त्याने बोली मागे घेतली. त्यानंतर डेलची कीव करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

रोझान, त्याची बायको, त्याच्या अगदी उलट. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती उठून भांडी आवरायला लागायची. चर्चच्या देवळातल्या स्त्रीमंडळात ती वर्षानुवर्षं होती, पण तिथे तिचा आवाज ऐकलेला माणूस सापडणं कठीण. बटाट्याचं सॅलड करायची, रजया शिवायची, आणि डेल बोलत असला की शेजारी बसून विणकाम करायची. घरात मात्र शेवटचा शब्द तिचा. हे डेलला ठाऊक होतं आणि डेलखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन हजार सहा साली मिसुरीत निवडणूक आली. त्या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांखाली आणखी एक प्रश्न होता. मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेल्सच्या, संशोधनावर राज्याला बंदी घालता येऊ नये, अशी राज्यघटनेत दुरुस्ती करायची की नाही? टेस्ट ट्यूबच्या उपचारात जास्तीचे भ्रूण तयार होतात. काही दिवसांचे, टाचणीच्या डोक्याहून लहान. ते गोठवून ठेवतात. त्यांच्यातल्या पेशींनी आपण हाड व्हायचं की मज्जातंतू हे अजून ठरवलेलं नसतं, म्हणून शास्त्रज्ञांना त्या हव्या होत्या. पण पेशी काढल्या की भ्रूण संपतो. सगळं भांडण तिथे होतं. एक बाजू म्हणायची, हा माणूस बरा करण्याचा रस्ता आहे. दुसरी म्हणायची, हा माणूस मारण्याचा रस्ता आहे. टीव्ही लावला की दर दहा मिनिटांनी कुणीतरी रडत होतं किंवा कुणाचं तरी बाळ रांगत होतं.

सेंट ओटिलियात वाद नव्हता. गाव जर्मन वंशाचं, झाडून सारं कॅथलिक. घरोघर अंगणात 'नाही' अशी पाटी. फादर बेक्स्टननी रविवारी सांगून टाकलं होतं, आणि फादर सांगताना ओरडत नसत, त्यामुळे ते जास्त ऐकू जायचं.

एवढ्या सगळ्यात चाकाच्या खुर्चीतला, कॅथलिक, आणि जिल्हाभर आवाज ओळखीचा असलेला माणूस एकच. तो कुणाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

आधी 'नाही'वाले आले. जेफरसन सिटीहून दोघं, कोट घातलेले. "मिस्टर हासलाग, तुम्ही नुसते सभेच्या व्यासपीठावर पुढे बसा. चालता येत नाही आणि तरीही हा मार्ग नको म्हणणारा माणूस! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"बोलायचं काय मी?"

"बोलायची गरजच नाही."

डेलने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मग हिला घेऊन जा. माझ्याकडे जुनी आणखी एक आहे, मी तिच्यात बसतो."

दोघं कॉफी अर्धी टाकून गेले. रोझान स्वयंपाकघरातून म्हणाली, "डेल, पाहुण्यांशी असं बोलतात?"

"त्यांना पाहुणचार नको होता, खुर्ची हवी होती."

आठवड्याभरात 'हो'वाल्यांची बाई आली. नॅडीन फारो तिचं नाव. सेंट लुइसची. जाहिराती करायची. केस आखूड, बोलणं तुरतुरं. डेलला ती आवडली, कारण तिने आल्या आल्या विचारलं, "तुमचं मत काय आहे?" डेल म्हणाला, "अजून झालेलं नाही. आधी माल दाखव." नॅडीनने त्याची कॅन्सस सिटीतल्या एका शास्त्रज्ञाशी फोनवर गाठ घालून दिली. डेलने त्याला तासभर धारेवर धरलं. शेवटी विचारलं, "माझे पाय?"

पलीकडून उत्तर आलं. "खरं सांगू? तुमच्यासाठी बहुधा नाही. तुमचा कणा जुना झालाय. पुढे कुणासाठी तरी होईल असं मला वाटतं, पण केव्हा ते मी सांगू शकत नाही. कुणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका."

फोन ठेवून डेलने खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवली. मग रोझानला म्हणाला, "दोष सांगितला बघ त्याने आधी. मी 'हो' करणार."

रोझान शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी 'नाही' करणार."

"फादर म्हणाले म्हणून?"

"फादर म्हणाले नसते तरी."

त्यांच्यात वाद नवे नव्हते, पण हा वेगळा होता. तीन दिवस घरात मीठ-मिरी मागण्यापलीकडे बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी जेवताना डेलने उकरून काढलंच. "हे बघ, रोझान. ते भ्रूण तसेही टाकूनच देतात. कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडले तर तुझं काय जातं?"

"कचरा म्हणू नकोस."

"मी नाही म्हणत, इस्पितळं टाकतात—"

"टेसा त्यातलीच आहे."

टेसा म्हणजे त्यांची नात, चार वर्षांची. जॅना, त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर कोलंबियात राहायची. बरीच वर्षं मूल होत नव्हतं, मग उपचार घेतले, हे डेलला माहीत होतं. गावात कुणाला सांगायचं नाही हेही ठरलेलं होतं, कारण चर्चला तो उपचारही मान्य नाही.

"ते मला ठाऊक आहे," डेल म्हणाला.

"ती वर्षभर गोठवलेली होती, हे ठाऊक आहे? पहिल्या खेपेला दुसरे घातले, ते राहिले नाहीत. मग हिला काढलं. आणि हिच्याबरोबरचे दोन अजून तिथेच आहेत."

डेलने काटा खाली ठेवला. "कुठे?"

"कोलंबियात. त्याच दवाखान्यात."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि मला का नाही सांगितलं?"

रोझानने ताट पुढे सरकवलं. मग हलकेच म्हणाली, "जॅनाला भीती वाटायची, डेल. तुला कळलं तर त्यांच्याकडे बघताना तुला तुझे पाय दिसतील. आणि तू काही बोलला नाहीस तरी तिला ते ऐकू येत राहील."

माळ्यावरून पडल्यावर त्याने कुणाला रडून दाखवलं नव्हतं, कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आपण तसे आहोत हे सगळ्या जगाला माहीत आहे अशी त्याची खात्री होती. पोटच्या पोरीलाच ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं कोलंबियाला गेली. टेसा आजोबांच्या मांडीवर बसून खुर्ची घरभर फिरवत होती. ती झोपल्यावर डेल जॅनाला म्हणाला, "आईने सांगितलं."

जॅनाने आईकडे रागाने पाहिलं. "मॉम!"

"तिला बोलू नकोस. मीच तिला चिडवलं. ऐक. मी 'हो' म्हणणार आहे, जाहिरातीतही बोलणार आहे. पण ते दोघं तुझे आणि मार्कचे. ठेव, वाढव, कुणाला दे, काही कर. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस आणि माझ्या भीतीने काही टाळू नकोस. मी ठीक आहे. खोटं नाही बोलत. मी खरंच ठीक आहे."

जॅना रडायला लागली. "डॅड, मला रोज वाटायचं की मी तुझं काहीतरी अडवून ठेवलंय."

"वेडी आहेस. फोनवर त्या शास्त्रज्ञाने मला सरळ सांगितलंय, माझा कणा भंगारात गेलाय म्हणून."

"असं म्हणाला तो?"

"शब्द सभ्य वापरले."

ती रडता रडता हसली. घरी येताना गाडी रोझान चालवत होती. जेफरसन सिटी मागे पडल्यावर ती म्हणाली, "माझं मत तेच आहे." डेल म्हणाला, "माझंही." आणि दोघांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. वाटेत थांबून त्यांनी तळलेला कॅटफिश खाल्ला.

जाहिरातीचं चित्रण बाजारातच झालं. डेलने अट घातली होती, आपले शब्द आपणच बोलणार. नॅडीनने मान्य केलं. तो कट्ट्यावर बसून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "मी डेल हासलाग. मी कॅथलिक आहे. ज्यापासून या पेशी काढतात ती माणसाची सुरुवात आहे, ती काहीच नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी बायको 'नाही' म्हणणार आहे, आणि ती माझ्याहून मूर्ख नाही. यातून मी चालेन असंही नाही. तरी मी 'हो' म्हणणार आहे, कारण जे भ्रूण टाकूनच दिले जाणार आहेत त्यांच्यापासून पुढे कुणाचा तरी पोरगा उभा राहू शकेल." नॅडीनच्या कॅमेरावाल्याने टोपी काढली. डेल खूश होऊन घरी आला.

ऑक्टोबरात सेंट लुइसचा संघ बेसबॉलच्या अंतिम मालिकेत पोचला आणि सगळं गाव संध्याकाळी देवळाच्या सभागृहात मोठ्या पडद्यासमोर जमायला लागलं. सॉसेज, बिअर, अ‍ॅपल पाय. डेल पुढच्या रांगेत. खेळात खंड पडला आणि पडद्यावर डेल आला. आधी चाक, जवळून, सावकाश फिरताना. मग त्याचे निर्जीव बूट. मागे पियानो. मग त्याचा चेहरा. "मी डेल हासलाग. मी कॅथलिक आहे. मी 'हो' म्हणणार आहे. कुणाचा तरी पोरगा उभा राहू शकेल." संपलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "केवढ्याला विकला गेलास, डेल?" डेलला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला होता, तर पियानोचा.

सकाळी त्याने नॅडीनला फोन लावला. "माझी बायको कुठे गेली?"

"डेल, तीस सेकंद असतात. मी भांडले. खरंच भांडले. वरच्यांनी कापलं."

"दोष सगळे कापलेत आणि जनावर उभं केलंय. आमच्या बाजारात याला फसवणूक म्हणतात."

"मला मान्य आहे," नॅडीन म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "जाहिरात काढणं माझ्या हातात नाही. पण तुम्ही जे बोललात ते सगळं दुसरीकडे कुठे बोललात, तर मी म्हणेन की हो, ते तसंच बोलले होते. नोकरी गेली तरी म्हणेन."

दर शनिवारी सकाळी डेल जिल्ह्याच्या गावी रेडिओवर गुरांचे भाव सांगायचा. सगळे शेतकरी ऐकायचे. केंद्राचा मालक मेल्विन शूल्टे भित्रा माणूस, पण डेल म्हणाला की पाच मिनिटं जास्त लागतील, तेव्हा त्याने कशासाठी ते विचारलं नाही. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर डेलने रोझानला म्हटलं, "तू पण चल."

"मी कशाला?"

"मी माझं पूर्ण सांगणार. त्यात तू येतेस. तुझं तूच सांग. मी सांगितलं तर त्यालाही माझाच वास लागेल."

"डेल, माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"पाणी ठेवू समोर."

ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. डेलला वाटलं, विषय संपला. पण ती जॅनाला फोन करत होती.

शनिवारी डेलने आपलं सगळं बोलणं, कापलेल्या वाक्यांसकट, रेडिओवर सांगितलं. पियानोबद्दलही सांगितलं. मग म्हणाला, "आता माझी बायको बोलेल. तिचं मत माझ्याविरुद्ध आहे." आणि माइक तिच्याकडे सरकवला.

रोझानने आधी समोरचा पाण्याचा ग्लास जवळ ओढला. मेल्विनने कपाळाला हात लावला. मग रोझान बोलली.

"मी रोझान हासलाग. डेल पडला तेव्हापासून रोज त्याचे पाय मी उचलून गाडीत ठेवते. तेव्हा मला आजारी माणसांची दया नाही असं कुणी म्हणू नका. तो उभा राहावा म्हणून माझं असेल ते मी देईन, मागून बघा. पण जे माझं नाही ते मी कुठून देऊ?" इथे तिने पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवल्याचाही आवाज आला. "माझी नात गोठवलेली होती. तिची परवानगी नाही विचारली, ती लहान आहे, पण तिच्या आईने दिली. फादर, तुम्ही ऐकत असाल. आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्या डबीत तिच्याबरोबर आणखीही होते. डॉक्टरांनी हिला उचललं. हाताला दुसरा लागला असता तर माझ्या मांडीवर दुसरा असता. मला त्यांच्यातला फरक सांगता येत नाही. ज्याला येतो त्याने खुशाल 'हो' म्हणावं. माझा नवरा 'हो' म्हणतो, आणि तो वाईट माणूस नाही. बस एवढंच." मग जरा थांबून, "आता भाव सांग, डेल."

डेलने भाव सांगितले. त्या दिवशी त्याचे दोन आकडे चुकले.

गावात खळबळ माजली. आता निम्म्या लोकांचा डेलवर राग आणि निम्म्यांचा रोझानवर, कारण टेस्ट ट्यूबची गोष्ट तिने घरात ठेवायची सोडून रेडिओवर सांगितली. स्त्रीमंडळातल्या दोघी-तिघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. पण दोन बायका मागच्या दाराने येऊन गेल्या. एकीच्या मुलाचे तेच उपचार चालू होते. दुसरी नुसती रोझानचा हात धरून बसली आणि निघून गेली.

देवळाची वार्षिक मेजवानी तोंडावर आली होती. तिच्यात रजयांचा लिलाव व्हायचा, आणि तो दर वर्षी डेल पुकारायचा. कमिटीत ठरलं, यंदा दुसरा कुणी बघावा. फादर बेक्स्टन स्वतः डेलच्या घरी आले. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"डेल, तुझं मत चुकीचं आहे. उद्या मी देवळात पुन्हा तेच सांगणार आहे."

"सांगा, फादर. मी पुढे बसून ऐकेन."

"आणि रोझान, जॅनाबद्दल तू माझ्याकडे यायला हवं होतंस."

"आले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

फादरनी प्रामाणिकपणे विचार केला. "करू नका म्हणालो असतो."

"म्हणून नाही आले."

फादरनी टोपी उचलली. उठताना म्हणाले, "टेसाला मेजवानीला आणा. मला तिला बघायचंय. आणि डेल, लिलाव तू पुकारतोस. कमिटीला मी सांगितलंय की तुझ्याइतका भाव दुसरा कुणी काढत नाही. ते त्यांना पटलं."

मतदानाच्या आधी एका मोठ्या शहरी वृत्तपत्राची बातमीदार आणि छायाचित्रकार येऊन धडकले. रेडिओवरचं बोलणं नॅडीननेच त्यांच्या कानावर घातलं होतं. डेलचे पूर्ण शब्द खरे आहेत असंही तिने छातीठोकपणे सांगितलं, आणि त्यापायी तिची नोकरी खरंच गेली. बातमीदाराला 'दुभंगलेलं घर' हवं होतं. छायाचित्रकार म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसता का?"

"आम्ही असे बसत नाही," रोझान म्हणाली.

"नुसतं फोटोपुरतं."

"फोटोपुरतंही नाही." रेडिओनंतर रोझानची भीड जी चेपली ती चेपलीच. "याला आता उचलून आंघोळीच्या खुर्चीत ठेवायचंय. पाठ करून कसा उचलू? आधी अ‍ॅपल पाय खा."

त्यांनी अ‍ॅपल पाय खाल्ला. छापून आलेल्या फोटोत डेल काहीतरी सांगत होता आणि रोझान त्याला मध्येच तोडत होती. मथळ्यात 'दुभंगलेलं' हा शब्द तरीही आलाच. डेल म्हणाला, "फोटो खरा आहे, अक्षरं खोटी आहेत," आणि कापून फ्रिजवर लावला.

मतदानाला दोघं एकाच गाडीतून गेली. शाळेच्या व्यायामशाळेत पेट्या होत्या. बाहेर नॉर्बर्ट भेटला. "तू हो आणि ती नाही. घरी बसला असतात तरी हिशेब तोच."

"तुझी बायको तुझ्यासारखंच मत देते ना?" डेल म्हणाला.

"अर्थात."

"विचारलंस कधी?"

नॉर्बर्टने वळून बायको कुठे आहे ते बघितलं.

दुरुस्ती मंजूर झाली, अगदी थोडक्यात. सेंट ओटिलियात 'हो' म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. डेलला ते कोण कोण असतील याची उत्सुकता होती आणि त्याने कधी विचारलं नाही. हरणांच्या शिकारीचा मोसम लागला, अंगणातल्या पाट्या निघाल्या, आणि लोक पुन्हा गवताच्या आणि वासरांच्या गोष्टी करायला लागले. मेजवानीत रजयांना कधी नव्हे एवढा भाव आला. फादरनी टेसाला कडेवर घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरवलं. बोलायचं बंद केलेल्या दोघी-तिघींना त्यानंतर बोलणं भाग पडलं.

पुढच्या वसंतात जॅनाने आणि मार्कने ठरवलं की उरलेल्या दोघांना संधी द्यायची. डेलला त्यांनी आधी सांगितलं. दोन्ही भ्रूण एकदम ठेवले. काही आठवडे सगळं नीट होतं आणि मग नव्हतं.

फोन आला तेव्हा डेल बाजारात होता. तो लिलाव दुसऱ्यावर सोपवून निघाला, असं त्याने पूर्वी कधीच केलं नव्हतं. कोलंबियात जॅनाच्या पलंगाशी खुर्ची लावून तो तिचा हात धरून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. रोझान दारातून बघत होती. घरी येताना तो म्हणाला, "मी मत बदललेलं नाही."

"मी विचारलं का?"

"नाही. मलाच सांगतोय."

रोझानने एक हात स्टिअरिंगवरून काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्या काळी मोठमोठ्या बातम्या देणारे लोक नंतर दुसऱ्या बातम्यांमागे गेले. डेल काही चालला नाही. त्याची तशी अपेक्षाही नव्हती. अधूनमधून तो कॅन्सस सिटीच्या शास्त्रज्ञाला फोन करून "काय म्हणतंय काम?" असं विचारायचा. तोही मनमोकळेपणी सांगायचा. यंदा काय जमलं, काय फसलं. नॅडीनने जाहिरातींचं स्वतःचं छोटं दुकान काढलं आणि नाताळला तिचं कार्ड यायचं.

खरा बदल झाला तो रोझानच्या आयुष्यात. मेल्विन शूल्टेच्या केंद्रावर त्या शनिवारनंतर इतके फोन आले, की महिन्याभराने त्याने तिला विचारलं, भावांच्या नंतर पंधरा मिनिटं काहीतरी बोलाल का? काहीही. ती नाही म्हणाली. मग एकदा गेली. मग जातच राहिली. लोक फोन करून आपली घरची भांडणं सांगायचे. म्हाताऱ्या बापाला ठेवायचं कुठे, धर्म सोडलेल्या मुलाच्या लग्नाला जायचं का, डॉक्टरांनी नळ्या काढू का विचारलं तर काय सांगायचं. रोझान उपदेश करत नसे. दोन्ही बाजू विचारायची, आणि मग आपण काय केलं असतं ते सांगायची. जिल्हाभर गाड्यांतून, गोठ्यांतून, स्वयंपाकघरांतून तिचा तो कोरडा, न घाबरणारा आवाज ऐकू यायला लागला.

डेल शेजारी बसायचा. विणकाम त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने सुरी घेऊन लाकडाची गुरं कोरायला सुरुवात केली. एकदा बाजारात परगावचा एक माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही रेडिओवाल्या रोझानचे मिस्टर ना?"

"तोच," डेल म्हणाला. "आणि मधल्या वेळात लिलाव पुकारतो."